कोऱ्या वहीचा पंचनामा

अठ्ठावन्नावे वर्ष पुरे होताच महसूल खात्याने मला नियमानुसार सेवामुक्त केले आणि सहकाऱ्यांनी शाल, श्रीफळ व भिंतीवर लावण्याचे एक घड्याळ देऊन माझा सत्कार केला. ज्या मनुष्याला उद्यापासून कोठेही वेळेवर जावयाचे नाही त्यालाच घड्याळ देण्याची ही रूढी कोणी पाडली असेल ती असो, परंतु भाषणे संपून चहा फिरू लागल्यावर जो तो मला एकच प्रश्न विचारू लागला, की "भाऊसाहेब, आता पुढं काय?" शेती करणार, नातवंडे खेळविणार, चारी धाम करणार ही सर्व उत्तरे माझ्या आधी निवृत्त झालेल्या मंडळींनी वापरून गुळगुळीत केली असल्यामुळे, माझ्याही ध्यानीमनी नसताना, माझ्या तोंडून निघून गेले, "चित्रं काढणार."

सारी हयात कागदात गेली असल्याने हे वचन मला त्या वेळी फारसे अवघड वाटले नाही. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या सातबाऱ्यांच्या, फेरफारांच्या आणि तक्रारअर्जांच्या गठ्ठ्यांशेजारी बसून मी छत्तीस वर्षे डबा खाल्ला आहे, पावसाळ्यात त्यांच्याच आडोशाने वारा चुकविला आहे, आणि वाळवीच्या एका प्रकरणात तर त्यांच्या बाजूने पंचनाम्यावर सहीही केली आहे. मात्र तो सर्व कागद लिहिलेला होता. कोरा कागद ही कचेरीत संशयाची वस्तू असते. कोऱ्या कागदावर ज्याने अंगठा उठविला त्याच्या बांधाचे पुढे काय झाले हे मी पुष्कळदा पाहिले होते. आणि म्हणूनच वीस-वीस, पन्नास-पन्नास कोरी पाने एकत्र शिवून कोणी विकतो व शहाणीसुरती माणसे ती रोख पैसे मोजून विकत घेतात, या व्यवहाराकडे मी तोवर कधी लक्ष देऊन पाहिले नव्हते.

निवृत्तिवेतनाच्या कामासाठी पुण्यास जाणे झाले, तेव्हा चित्रकलेच्या साहित्याच्या एका मोठ्या दुकानात मी शिरलो. तेथील तरुण विक्रेत्याने "काका, मीडियम कुठलं?" असे विचारले, आणि मी आपली बालपणची शाळा स्मरून "मराठी" असे उत्तर दिले. त्या तरुणाच्या सभ्यतेची तारीफ केली पाहिजे. तो हसला नाही. "म्हणजे पेन्सिल, पेन, का वॉटरकलर?" असा त्याने प्रश्नाचा तर्जुमा करून दिला. मला तिन्ही येत नसल्यामुळे तिन्हींविषयी माझे मत सारखेच अनुकूल होते. मग त्याने तो प्रश्न विचारला, जो मी छत्तीस वर्षे खिडकीच्या आतल्या बाजूने विचारीत आलो होतो: "कशासाठी हवंय?"

दाखला उत्पन्नाचा असो, रहिवासाचा असो की आणखी कशाचा, अर्जात 'कारण' म्हणून एक रकाना असतो, आणि त्या रकान्यात मनुष्य खरे कारण सहसा लिहीत नाही, जे लिहिल्याने दाखला मिळेल तेच लिहितो, हे माझ्याइतके कोणास ठाऊक असणार? खिडकीच्या बाहेरच्या बाजूस उभे राहण्याची पाळी येताच मीही तेच केले. "निसर्गचित्रं," मी म्हणालो, "जलरंगात. आमच्याकडं जुन्नरला निसर्ग मुबलक आहे." हे ऐकताच त्या तरुणाच्या मुद्रेवर आदर उमटला, आणि तो आदर कायम राखण्याची किंमत म्हणून, शंभर टक्के कापसाच्या कागदाची, कापडी बांधणीची, वीस पानांची एक वही मला १,४०० रुपयांस घ्यावी लागली.

परतीच्या एस.टी.त, चाकणच्या कोंडीत गाडी पाऊण तास जागेवर उभी असताना, मी त्या वहीचा हिशेब करावयास घेतला. पाठीवर '३०० जीएसएम' असे छापले होते. हे प्रकरण मला त्या तरुणाने समजावून दिले होते: एक मीटर लांब व एक मीटर रुंद कागदाचे ग्रॅममधले वजन. म्हणजे कागद जाड की पातळ हे कागदवाले वजनावरून सांगतात, जसे आमच्याकडे पूर्वी स्थळ चांगले की वाईट हे मुलाऐवजी त्याच्या बापाच्या एकरांवरून सांगत. आता ए-झीरो नावाचा जो मूळ ताव आहे तो बरोबर एक चौरस मीटरचा. त्याची चार वेळा अर्धी घडी घातली की सोळावा हिस्सा उरतो, तो ए-फोर, म्हणजेच माझ्या वहीचे पान. आणि त्याच्या लांबीरुंदीचे प्रमाण असे योजलेले आहे, की कितीही वेळा अर्धे केले तरी आकृती तीच राहते. भाकरी मोडली की चतकोर होते, शेत मोडले की दावा होतो. वाटणी होऊनही जिचे रूप बदलत नाही अशी मिळकत माझ्या साऱ्या नोकरीत मी पाहिली नव्हती, ती या कागदात पाहिली.

तीनशे ग्रॅमचा सोळावा हिस्सा पावणेएकोणीस ग्रॅम. वीस पानांचे ३७५ ग्रॅम. म्हणजे हा कागद मी किलोस सुमारे ३,७०० रुपये या दराने आणला होता. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे वीस किलोंचे क्रेट दोन हजार रुपयांच्या वर गेले, तेव्हा देशभर हाहाकार उडाला आणि आमच्या भागात कित्येकांच्या दारी नवी वाहने उभी राहिली. त्या टोमॅटोच्या पस्तीसपट भावाने मी कागद आणला होता, आणि त्याची भाजीही होणार नव्हती. पानामागे ७० रुपये. मी वही पिशवीत ठेवली आणि पिशवी मांडीवर घेतली; शेजारच्या प्रवाशाला, बहुधा, मी रोकड घेऊन चाललो आहे असे वाटले असावे.

पुढील तीन महिने त्या वहीशी माझे वर्तन हे मुद्रांकाच्या कागदाशी असते तसे राहिले. मुद्रांकावर काय लिहावयाचे ते आधी साध्या कागदावर लिहून, चार जाणत्यांना दाखवून, खाडाखोड पुरी झाल्यावर मगच उतरवून काढावयाचे असते. त्या न्यायाने शिवनेरीचा कच्चा मसुदा मी प्रथम लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर काढू लागलो. त्या वर्षी तालुक्यात लग्ने पुष्कळ झाली आणि मसुदेही पुष्कळ झाले; परंतु एकही मसुदा सत्तर रुपयांच्या पानावर नक्कल करण्याच्या योग्यतेचा आहे असे प्रमाणपत्र माझ्याच्याने माझ्या सहीने देववेना. वही कपाटात, महावस्त्रांच्या खणात, डांबराच्या गोळ्यांसह सुरक्षित राहिली.

या अवस्थेत माझे सांत्वन केले ते इतिहासाने. आमचे जुन्नर एकेकाळी स्वतःच्याच कागदासाठी नावाजलेले होते, ही गोष्ट आज कुकडीकाठी राहणाऱ्या पुष्कळांनाही ठाऊक नाही. मराठेशाहीच्या दफ्तरांत 'जुन्नरी' ही कागदाची एक जात म्हणून ओळखली जाई, जशी 'दौलताबादी' ही दुसरी. कागदी म्हणून ओळखले जाणारे मुसलमान कारागीर जुनी गोणपाटे, दोरखंड, चिंध्या असला टाकाऊ माल कुटून, धुऊन त्याचा लगदा करीत, तो पाण्यात कालवून गवताच्या काड्यांच्या जाळीवर एकेक ताव उचलीत, वाळवीत, त्याला खळ लावीत आणि मग गुळगुळीत दगडाने घोटून घोटून त्याला अशी झिलई आणीत, की बोरू त्यावरून अडखळल्यावाचून सरसर धावे आणि शाई पसरत नसे. चोवीस तावांचा दस्ता, असा हिशेब. पेशवे दफ्तराचे रुमाल आज पुण्यास सोडून पाहावे. त्यांतल्या मोडीचे वळण वाचता येत नसले तरी कागद अजून तगून आहे हे बोटांना कळते. पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला. पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुऱ्यात आता नावापुरता कागद उरला आहे. १९४० साली पुण्यास हातकागद संस्था निघाली व ती विद्या अगदीच नामशेष होण्यातून वाचली, हे त्यातल्या त्यात बरे झाले.

मला यात जे वाटले ते असे, की हा जो जगप्रसिद्ध होण्याच्या लायकीचा जुन्नरी कागद, तो माझ्या हाती कोणी फुकट दिला असता तरी माझ्या कामाचा नव्हता. शिसपेन्सिलीला चालण्यासाठी कागदाला थोडे दात असावे लागतात; घोटलेल्या कागदावर ती शेवाळावरून घसरावी तशी घसरते. त्या कारागिराला त्याचे गिऱ्हाईक पक्के ठाऊक होते: गिऱ्हाईक म्हणजे कारकून, हत्यार बोरू, काम हिशेब आणि सनदा, मुदत निदान दोन पिढ्या. त्याने कागद त्या गरजेच्या मापाने घोटला. माझ्या गरजेचे माप मात्र मलाच देता येत नव्हते, आणि ज्याने हजारो लोकांना दाखले दिले त्याला स्वतःच्या गरजेचा एक दाखला लिहिता येऊ नये, ही गोष्ट मनाला लागली.

तेव्हा एके दिवशी मी गावातल्याच एका दुकानात गेलो. हे दुकान पुण्याच्या दुकानासारखे एकमार्गी नव्हते. तेथे वह्या, राख्या, मोबाइलची कव्हरे, क्रिकेटचे चेंडू आणि पंधरा ऑगस्टचे झेंडे ज्या त्या ऋतूप्रमाणे मिळत. मी चित्रकलेची वही मागताच मालकाने वर न पाहता विचारले, "कितवीला आहे?" मी म्हणालो, "मला स्वतःलाच हवी आहे." त्याने वर पाहिले, आणि मग अत्यंत सहानुभूतीने ४५ रुपयांची एक वही पुढे केली. तिच्यावर '३६ पृष्ठे' असे लिहिले होते. येथे माझ्यातला जुना कारकून जागा झाला. पृष्ठ म्हणजे पान नव्हे. पानाला दोन पृष्ठे असतात. छत्तीस पृष्ठांची पाने अठरा. एकराचा आकडा हेक्टरच्या रकान्यात लिहून आलेली प्रकरणे मी शेकड्यांनी परत पाठविली आहेत; वह्यांच्या मुखपृष्ठावर मोठा दिसणारा आकडा छापण्याची ही युक्ती त्याच घराण्यातली. तरीही पानामागे अडीच रुपये पडत होते, आणि अडीच रुपयांना मी भीत नव्हतो.

"जरा जाड पाहिजे तर कार्ट्रिज घ्या की," मालक म्हणाला. हा कार्ट्रिज कागद म्हणजे काय, तर आमच्या 'काडतूस' या शब्दाचा इंग्रजी चुलतभाऊ. बंदुकीची दारू आणि गोळी ज्या जाड, चिवट कागदाच्या सुरळीत बांधीत, तो हा कागद. आणि मूळ परदेशी शब्दाचा अर्थही कागदाची सुरळी एवढाच आहे, बंदूक त्यात मागाहून आली. १८५७ साली ज्याची सुरळी दाताने तोडावयास सांगितल्यावरून एवढे मोठे रण माजले, त्याचाच भाऊबंद आज शाळेतली मुले सूर्योदय व नारळाची झाडे काढण्यासाठी नेतात. कागदांच्या नावांत असल्या गमती पुष्कळ आहेत. ज्या फुलस्केप कागदावर या देशाने शे-दीडशे वर्षे सरकारला सविनय अर्ज केले, त्याचे नाव विलायतेतील जुन्या कागदावर उमटविलेल्या विदूषकाच्या टोपीच्या जलचिन्हावरून पडले आहे. हे मला निवृत्तीनंतर कळले ते एका परीने बरेच झाले. नोकरीत असताना कळले असते तर काही अर्जांवर मी निराळा शेरा मारला असता.

पंचेचाळीस रुपयांच्या वहीत मी लेण्याद्री काढला. डोंगराच्या उभ्या कड्यात ओळीने कोरलेली लेणी, एकीशेजारी एक दारे, मध्ये गणपतीचे मोठे लेणे आणि त्याकडे चढत जाणाऱ्या पायऱ्या, हे सर्व मी आपल्या मते यथातथ्य उतरविले. मंचरहून सुट्टीला आलेली आमची नात ते चित्र पाहून म्हणाली, "आजोबा, रेकॉर्ड रूमचं रॅक छान आलंय. शिडीपण काढली?" मुलीला दोष नाही. छत्तीस वर्षे ज्या वस्तूकडे डोळे लावून बसलो तिचा साचा हातात बसला आहे. आजही मी नारळ काढला तर त्याला कुलूप दिसते. परंतु त्या वहीचा स्वतःचाही एक दोष होता. तिचा कागद इतका पारदर्शक वृत्तीचा, की एका पृष्ठावरचा लेण्याद्री दुसऱ्या पृष्ठावरील ओझरच्या देवळातून दिसू लागला. आणि दोन्ही स्थाने अष्टविनायकांपैकी असली तरी त्यांनी एकमेकांच्या इतके जवळ येण्याची आवश्यकता नव्हती. जलरंगाचा एक हात फिरविला तेव्हा तर पान कडेने वळत वळत कुरडईसारखे झाले, आणि कुटुंबाने ते उन्हात ठेवू का म्हणून विचारले.

तिसरी वही मध्यम मार्गाची म्हणून आणली. तारेच्या वेटोळ्याची, ए-फोर, १४० जीएसएम, २२५ रुपये, वर '१०० पृष्ठे', म्हणजे पन्नास पाने. पानामागे साडेचार रुपये. ही वही पूर्ण मागे दुमडता येते, त्यामुळे मांडीवर, दगडावर, एस.टी.च्या आसनावर कोठेही पसरते, हा तिचा मोठा गुण. शिवलेली वही दोन्ही पानांवर मिळून एक लांबलचक चित्र काढू देते, पण ती उघडी राहण्यासाठी दोन्ही हातांनी दाबून धरावी लागते, मग पेन्सिल कोणी धरावी हा प्रश्न उरतो. तारेच्या वहीत मात्र तारेच्या दोन्ही बाजूंस मिळून डोंगर काढला तर तो कायमचा कुंपणात सापडतो. शिवाय ही तार स्वेटरच्या लोकरीवर प्रेम करते. थंडीच्या दिवसांत सकाळी मी नाणेघाटात चित्र काढावयास गेलो तेव्हा बाहीचा एक धागा त्या तारेत अडकला, आणि घाटमाथ्यापासून गुहेपर्यंत उतरेतो माझी डावी बाही मनगटावरून कोपरापर्यंत आली होती.

नाणेघाटातील त्या गुहेत मात्र मला मोठे समाधान लाभले, ते सांगितले पाहिजे. सातवाहनांच्या राणी नागणिकेचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख तेथे आहे. यज्ञांत किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दिले याची आकड्यांसह नोंद त्यात कोरली आहे, आणि ती वाचणाऱ्या विद्वानांना काही वाटो, मला तो जमाखर्चाचा एक सुबक तक्ता वाटला. त्याच गुहेत एका भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. त्या प्रतिमा कालौघात फुटून नाहीशा झाल्या; उरली ती वर कोरलेली त्यांची नावे आणि तळाशी पावलांच्या खुणा. दोन हजार वर्षांत चित्र गेले आणि मथळा राहिला! चित्रकाराचे काम बुडाले, कारकुनाचे तगले. त्या दिवसापासून मी प्रत्येक चित्राखाली मौजे, तालुका, दिनांक आणि वेळ ठळक अक्षरांत लिहू लागलो, आणि माझ्या चित्रांतील तेवढा भाग पाहणाऱ्यांना चटकन ओळखू येतो असा अनुभव आहे.

त्याच सुमारास आंबेगाव तालुक्याचेही ऋण फेडावे म्हणून मी डिंभे धरणावर गेलो. ज्या आंबेगावच्या नावाने तालुका चालतो ते मूळ गाव घोड नदीवरच्या या धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याची कचेरी घोडेगावास, बाजाराची गजबज मंचरास, आणि नाव तेवढे पाण्यात. 'मौजे आंबेगाव' या विषयाचे मी जे चित्र काढले ते माझ्या सर्व चित्रांत निर्दोष उतरले, कारण त्यात फक्त पाणी होते. साडेचार रुपयांच्या पानाने निळा रंग बऱ्यापैकी सोसला; थोडे फुगवटे आले त्यांना मी लाटा म्हणून कायम केले. येथेच पाच वाजता एका गुराख्याने मला "बाबा, उसाच्या कडंनं जाऊ नका, दिवस मावळतीला आलाय" असे सांगितले, आणि निसर्गचित्रकाराने आमच्या मुलखात वहीचा पुठ्ठा किती जाड घ्यावा या प्रश्नाला एक नवीच बाजू आहे हे माझ्या लक्षात आले. माणिकडोहच्या बिबट्या निवारण केंद्रात पिंजऱ्याच्या अलीकडून बिबट्या पाहून जे चित्र काढता येते, तेवढ्यावर मी या विषयात समाधान मानले आहे.

आता आमच्या नातीविषयी. ती शासकीय रेखाकला परीक्षेच्या एलिमेंटरीला बसली होती, त्यामुळे वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द तिच्या तोंडी असे खेळत जसे एकेकाळी माझ्या तोंडी बिनशेती आणि बिनहरकत खेळत. तिने माझ्या तिन्ही वह्या समोर मांडल्या आणि माझी जबानी घेतली. "आजोबा, तुम्ही रोज किती चित्रं काढता?" दोन-तीन, मी म्हणालो. "रंगवता किती?" आठवड्याला एखादे. "कुणाला विकणार आहात का?" या प्रश्नाला उत्तर देण्याची गरज तिच्या आजीने हसून संपविली. मग तिने, जो निर्णय घेण्यास मला सात-आठ महिने लागूनही तो झाला नव्हता, तो वांगी निवडावीत तितक्या सहजतेने दिला. रोजच्या सरावाला तारेची वही; पेन्सिलीला एवढी जाडी पुष्कळ. रंगवायचे असेल त्या दिवशी जाड कागदाचा एक सुटा ताव आणून त्याचे चार तुकडे करावे. त्यासाठी अख्खी वही पोसायची गरज नाही. दुकानात कागद घेताना त्याच्यावर अंगठा फिरवावा, खरखर लागली तर पेन्सिलीला चांगला. पान उजेडाकडे धरून पलीकडची बोटे दिसली तर शाईला वाईट. आणि पृष्ठांना दोनने भागावे. "आणि ही?" मी १,४०० रुपयांच्या वहीकडे बोट दाखवून विचारले. तिने ती उघडली, पानावरून तळहात फिरविला, एक सुस्कारा टाकला आणि म्हणाली, "ही तुमच्यासाठी नाहीये, आजोबा. माझ्यासाठीपण नाहीये अजून."

तेरा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या गरजेचा एवढा स्वच्छ दाखला द्यावा, आणि तो देताना तिला कोणताही रकाना चुकू नये, हे पाहून मला तिचा अभिमान वाटला व माझी थोडी लाजही. वही पुन्हा महावस्त्रांच्या खणात गेली.

ती तेथेच राहिली असती. परंतु गेल्या आषाढात आठ दिवस झड लागली असताना दूधवाल्याचे कार्ड छपरातल्या गळतीने भिजून त्याचा लगदा झाला, आणि दिवस उजाडताच दारात उभ्या असलेल्या दूधवाल्यासमोर खाडा कोठे लिहावा म्हणून आमच्या कुटुंबाने जे पहिले कोरे हाताला लागले त्याच्यावर लिहिले. दुपारी मी पाहतो तो शंभर टक्के कापसाच्या, तीनशे जीएसएमच्या पहिल्या पानावर बॉलपेनने आडव्या-उभ्या रेघा मारून महिन्याचा तक्ता आखलेला आणि त्यात 'म्हैस, २ लि.' अशी नोंद. मी काही बोलणार तोच ती म्हणाली, "अहो, काय छान कागद आहे हो हा! अजिबात फुटत नाही शाई. एवढे दिवस कुठं ठेवला होता?"

सत्तर रुपयांचे ते पान एकदा दुधाच्या हिशेबाला लागले म्हणताच माझी सारी भीती सरली. त्याच संध्याकाळी, पाऊस उघडला असता, समोरच्या गोठ्यातली म्हैस रवंथ करीत बसली होती ती मी त्या तक्त्याच्या खालच्या मोकळ्या जागेत काढली, दुसऱ्या दिवशी तिचे रेडकू काढले, आणि तिसऱ्या दिवशी जागा न उरल्यामुळे म्हशीची शेपटी दहा व अकरा तारखेच्या रकान्यांतून वर गेली. ही म्हैस कपाटासारखी दिसत नाही. नातीने फोनवरून तिचा फोटो पाहून तसे लेखी कळविले आहे. दूधवाल्यालाही ती ओळखू आली, एवढेच नव्हे तर ती कोणाची हेही त्याने सांगितले. फक्त शेपटीखाली सापडलेले ते दोन दिवस खाड्याचे होते की दुधाचे, याविषयी त्याचे आणि आमच्या कुटुंबाचे अद्याप एकमत झालेले नाही, आणि रबर चालवून खालचा आकडा पाहण्यास मी परवानगी देत नाही.